पाहणीला आलेले साहेब निवृत्तीनंतर कंपनीच्या बाजूने सुनावणीला उभे. याला काही नियम आहे का?

खाजणकाठ

मंडळी, आधीच सांगतो, गाव, तालुका, माणूस, कंपनी यांपैकी कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. कोणी ओळखलंच तर इथे लिहू नका. प्रकरण चालू आहे. मला नियम समजून घ्यायचा आहे, आणि हे फक्त आमच्याच वाडीत घडलं असेल असं वाटत नाही, म्हणून धागा काढतोय.

आमची वाडी खाडीला लागून. बांधाच्या आत खाजण, म्हणजे खाडीलगतची खारी जमीन, सगळ्यांचं सामाईक. पूर्वी पूर्ण खाजणात खारं पाणी सोसणारं भात व्हायचं, आता निम्म्यात होतं. बांध दर मे महिन्यात वाडी मिळून भरते, घरटी एक माणूस. मुंबईचे लोक पैसे पाठवतात. सातबाऱ्यावर ४१ नावं आहेत, आणि ज्यांचे वारस लावायचे राहिलेत ते वेगळेच.

बांधाच्या पलीकडची वरकस (हलक्या प्रतीची, भात न होणारी) जमीन काही वर्षांपूर्वी एका कंपनीने घेतली. तिथे रिसॉर्ट करायचं आहे आणि जमिनीला रस्ता नाही. बांधावरची पायवाट गाडीरस्ता म्हणून मिळावी असा त्यांनी अर्ज केला. तेव्हाचे महसूल अधिकारी पाहणीला आले, पंचनामा केला, आमचे जबाब घेतले. माझ्या वडिलांनी त्यांना बांधावरून पार टोकापर्यंत नेलं, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) दाखवली, बांध कुठे कच्चा आहे आणि मोठ्या उधाणाला कुठून फुटतो तेही दाखवलं. आईने चहा केला. साहेब फार चांगले वागले हे मुद्दाम लिहितो. "या बांधावरून वाहन नेणे उचित नाही" असा अभिप्राय त्यांनीच फाइलमध्ये लिहिला होता.

मग प्रकरण पडून राहिलं. साहेब निवृत्त झाले. गेल्या महिन्यात पुन्हा नोटीस आली म्हणून सुनावणीला गेलो, तर कंपनीचं मुखत्यारपत्र घेऊन तेच साहेब आलेले. निवृत्तीला जेमतेम पाच महिने झालेले. ते दालनात आले तेव्हा अव्वल कारकून उठून उभे राहिले. सुनावणी घेणारे अधिकारी एकेकाळी त्यांच्याच हाताखाली होते. साहेबांनी सांगितलं की बांध अमुक ठिकाणी मुळातच कच्चा आहे, कंपनी तो स्वखर्चाने पक्का करून रस्ता काढेल, त्यात शेतकऱ्यांचंच भलं आहे.

ती जागा त्यांना माझ्या वडिलांनी दाखवली होती.

बाहेर आल्यावर वडील बराच वेळ बोलले नाहीत. एसटी स्टँडवर एवढंच म्हणाले, "मी त्यांना सरकार म्हणून दाखवलं होतं."

तर प्रश्न असा, की नोकरीत असताना ज्या प्रकरणात हात होता, त्यातच निवृत्तीनंतर समोरच्या बाजूने उभं राहायला बंदी आहे की नाही? असेल तर कुणाला आणि किती काळ?

कळशी

वाचून वाईट वाटलं. वडिलांचं वाक्य डोक्यातून जात नाही. नियमांची माहिती मला नाही, धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

रत्नागिरीची_वकील

खाजणकाठ, महसूल प्रकरणं मी रोज चालवते, त्यामुळे तुमचा अनुभव मला नवा नाही. तरीही अभिप्राय लिहिणाराच उलट बाजूने आला, हे मी पहिल्यांदा ऐकते.

नियम आहेत, पण ते वरच्या मजल्यावर आहेत. आयएएस, आयपीएस आणि वनसेवेच्या अधिकाऱ्यांना १९५८ च्या निवृत्तिलाभ नियमांतला नियम २६ लागतो. केंद्राच्या गट-अ अधिकाऱ्यांना पेन्शन नियमांत तसाच नियम आहे, जुन्या १९७२ च्या नियमांत तो नियम १० होता. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत 'व्यावसायिक नोकरी' घ्यायची असेल तर आधी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, ती निम्म्यावर आणली. वर्तमानपत्रं याला 'कूलिंग ऑफ' म्हणतात.

आता यातली लोकांच्या सहसा ध्यानात न येणारी गोष्ट. व्यावसायिक नोकरी म्हणजे फक्त कंपनीच्या पगारावर जाणं नव्हे. व्याख्येत तीन गोष्टी आणखी आहेत. ज्या विषयाची पदवी नाही पण सरकारी अनुभव आहे, त्यात सल्लागार म्हणून दुकान मांडणं. पदवी असली तरी पूर्वीच्या पदामुळे अशिलाला गैरवाजवी फायदा होईल असं काम घेणं. आणि तिसरी, जिच्यात सरकारी कार्यालयांशी किंवा अधिकाऱ्यांशी संपर्क ठेवावा लागतो अशी कामं. म्हणजे ज्याला आपण वशिला म्हणतो आणि इंग्रजी पेपर लॉबिंग म्हणतात, ते या व्याख्येत आलेलं आहे. नियम लिहिणाऱ्यांना नेमकं काय घडतं ते पक्कं माहीत होतं.

परवानगी न घेता काम घेतलं तर पेन्शन पूर्ण किंवा अंशतः रोखता येते. पण अर्ज केल्यावर ठरावीक दिवसांत नकार आला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. सरकार गप्प बसलं तरी अर्जदाराचं काम होतं. मला हे पटत नाही. अशा ठिकाणी मौनाचा अर्थ नकार असायला हवा.

तुमच्या साहेबांना केंद्राचे हे नियम लागत नाहीत. ते आयएएस नव्हते आणि केंद्राचे गट-अ अधिकारीही नव्हते. कोकणातल्या शेतकऱ्याचं नशीब ज्या टेबलांवर ठरतं ती टेबलं मंडळ, तहसील, प्रांत, भूमी अभिलेख इथली, आणि वरचा नियम तिथपर्यंत उतरत नाही.

चिपळूणचा_करसल्लागार

ताईंनी चांगलं मांडलं. एक भर घालतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. खालच्या पदांसाठी असा नियम करताच येत नाही असं कुणी म्हणेल, म्हणून सांगतो. जीएसटी कायदा, २०१७, कलम ११६. करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यासमोर कोण उभं राहू शकतं याची त्यात यादी आहे. वकील, सीए वगैरेंबरोबर राज्याच्या विक्रीकर खात्याचा निवृत्त अधिकारीही त्यात येतो, निदान दोन वर्षं गट-ब राजपत्रित किंवा वरच्या पदावर राहिलेला. पण अट आहे: निवृत्तीपासून किंवा राजीनाम्यापासून एक वर्ष त्याला उभं राहता येत नाही.

म्हणजे गट-ब अधिकाऱ्याला एक वर्ष लांब ठेवायचं कलम याच देशात, याच राज्यात रोज पाळलं जातंय. आमच्या कार्यालयाला लागून एक निवृत्त अधिकारी बसतात, त्यांनी ते वर्ष बिनबोभाट पाळलं. विक्रीकराच्या दाव्यात हे जमतं, मग जमिनीच्या दाव्यात का जमू नये? व्यापाऱ्याचे फार तर पैसे बुडतील. शेतकऱ्याची जमीन गेली की परत येत नाही.

निवृत्त_सर्कल

मी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, ५८ व्या वर्षी, नियमाप्रमाणे. हा धागा वाचताना छातीत थोडं दुखलं, म्हणून लिहितोय.

आमच्या गावात माझ्याकडे रोज कुणीतरी येतं. सातबारा वाचून द्या, फेरफाराची नोटीस आलीय ती सांगा, मोजणीच्या नकाशाची क प्रत आणि प्रत्यक्ष जागा जुळत नाही तर काय करू. बहुतेक म्हातारी माणसं, मुलं मुंबईला. मी पैसे घेत नाही. काही जण फणस, कोकम, गऱ्याचं लोणचं आणून देतात, ते घेतो. ३० वर्षं हेच केलं, दुसरं येत नाही मला. उद्या कायदा आला की निवृत्त माणसाने सरकारी कागदाला हात लावायचा नाही, तर त्या म्हाताऱ्यांनी जायचं कुठे? तीच माणसं मग एजंटाकडे जातील.

पण खाजणकाठ यांनी सांगितलं ते वेगळं आहे, हे मलाही कळतं. मी पहिल्या दिवसापासून एक पाळलं. ज्या फेरफारावर माझी सही आहे तो कागद मी हातात घेत नाही. दोनदा तसे लोक आले. एकाचं काम अगदी रास्त होतं, नोंद चुकली होती, आणि चूक माझीच होती. तरी त्याला दुसऱ्याकडे पाठवलं. तो रागावला. त्याला सांगितलं, बाबा, तिथे मी गेलो तर तलाठी माझ्याकडे बघून सही करेल, कागदाकडे बघून नाही.

आणखी एक. वकीलताई म्हणाल्या पेन्शन रोखता येते. मी जुन्या पेन्शनवाला, मला ती भीती कळते. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर जे सेवेत आले त्यातल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही, २०२३ च्या मार्चमधला संप त्याचसाठी झाला. उद्या ती पिढी निवृत्त होईल तेव्हा पेन्शन रोखण्याच्या धाकावर उभा असलेला नियम त्यांना कसा लागणार? नवा नियम करायचा तर शिक्षा दुसरी शोधावी लागेल. नियम करणारे हे विसरतील अशी भीती वाटते.

सड्यावरचो

माका कायद्यातला फारसा कळणा नाय. पण काकानू, तुमी म्हणतास तसा वागणारे किती जण असतत?

माझ्या आवशीन वारसाचा नाव लावूक तीन वर्सां फेऱ्यो मारल्यान. दर खेपेक नवीन कागद. कधी मुंबयच्या काकाची सही, कधी जुन्या मयताचो दाखलो. मगे कोणीतरी सांगल्यान, अमक्या निवृत्त साहेबाक भेट. भेटली. किती दिले ता ती आजून माका सांगणा नाय. आठ दिसात नाव लागला.

काम झाला, पण आवशीक आनंद झालो नाय. ती म्हणता, जा आठ दिसात होणारा होता ता तीन वर्सां कित्याक अडवून ठेवल्यानी? तुमी सगळे निवृत्तीनंतर काय ता बोलतास. माका वाटता रोग आधीपासूनचो. जो माणूस निवृत्तीनंतर ह्या धंद्यात पडतलो, तेका कामा अडकलेलीच बरी. अडकली नाय तर तेच्याकडे येतलो कोण?

निवृत्त_सर्कल

सड्यावरचो, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी नाकारत नाही.

भरतीरेषा

मी सागरी पर्यावरणाचा अभ्यास करते, मालवणात असते. सड्यावरच्यांचा मुद्दा किनाऱ्याला लावून बघा, म्हणजे रक्कम किती मोठी होते ते कळेल.

सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, २०१९ ची अधिसूचना घ्या. ग्रामीण भागात, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, नाहीतर २०० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. २०११ च्या अधिसूचनेत खाडीसाठी हाच आकडा १०० मीटर होता. १००० चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा आणखी.

आता एक १२ गुंठ्यांचा तुकडा डोळ्यासमोर आणा. भरतीरेषा नकाशावर २० मीटर इकडे पडली तर तिथे फक्त माडच राहणार, तिकडे पडली तर खोल्या उठणार. भाव कितीतरी पटींनी बदलतो. ती रेषा, ते कांदळवन, ती पाहणी, ते शेरे, हे सगळं कुठल्या कागदात कसं लिहिलंय आणि कुठला कागद लंगडा आहे, हे ज्याने नोकरीत असताना पाहिलं त्या माणसाचं डोकं कंपनीसाठी मौल्यवान असतं. कायद्याचं ज्ञान बाजारात मिळतं. त्या एका फाइलचं ज्ञान बाजारात मिळत नाही, ते त्या माणसाबरोबरच विकत घ्यावं लागतं.

म्हणून एक वर्षाच्या मुदतीने समाधान होत नाही. कोकणातलं जमिनीचं प्रकरण एका वर्षात संपलेलं कुणी पाहिलंय? प्रकरण २० वर्षं चालतं, बंदी एका वर्षात उठते. साहेबांनी फक्त एक पावसाळा घरी काढायचा.

देवगड_ते_ओटावा

देवगडचा, सध्या ओटावात. इथे हा विषय बातम्यांत सतत असतो म्हणून लिहितो. परदेशाचं कौतुक करायला आलो नाही, इथेही पळवाटा आहेत.

कॅनडात केंद्र सरकारचे मंत्री, त्यांचे कर्मचारी आणि वरिष्ठ अधिकारी यांना पद सोडल्यापासून पाच वर्षं पैसे घेऊन लॉबिंग करायला बंदी आहे, २००८ पासून. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नोंदवही. लॉबिंग करणाऱ्याने नाव नोंदवायचं, आणि अशा पदावरच्या माणसाशी ठरवून भेट किंवा फोन झाला की पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते कळवायचं. ती वही कुणीही घरबसल्या उघडून बघू शकतो.

अमेरिकेत दोन वेगळे धागे आहेत आणि ते वेगळे ठेवलेत हे मला फार आवडतं. एक बंदी मुदतीची: वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या जुन्या खात्यात कुणाच्या वतीने एक वर्ष जायचं नाही, फार वरच्या पदांना दोन वर्षं. दुसरी बंदी मुदतीची नाहीच. ज्या विशिष्ट प्रकरणात तुम्ही स्वतः, ठळकपणे काम केलंत, त्या प्रकरणात दुसऱ्याच्या वतीने सरकारपुढे आयुष्यभर उभं राहायचं नाही. पद मोठं की छोटं हा प्रश्न तिथे येत नाही. निवृत्त_सर्कल काका "माझी सही असलेला कागद मी हातात घेत नाही" म्हणाले ना, तो तिथला कायदा आहे. काकांनी तो कुणी न सांगता पाळला.

भारतात लॉबिंगचा कायदाच नाही, त्यामुळे वहीही नाही. २०१२ आठवतंय का? वॉलमार्टने भारतातल्या प्रवेशासाठी लॉबिंगवर खर्च केला म्हणून संसद बंद पडली होती, मग निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एकसदस्यीय समिती नेमली. ते आपल्याला कळलं कशावरून? कंपनीने अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तिथल्या सिनेटला दिलेल्या तपशिलावरून. आपल्या घरात कोण आलं ते शेजाऱ्याच्या वहीत वाचून कळलं.

पाटलांचो_नातू

ओटावावाले भाऊ, चांगली माहिती. पण मला भीती वाटते. आपल्याकडे नवा नियम म्हणजे नवी परवानगी, आणि नवी परवानगी म्हणजे नवं टेबल. सेवा हमी कायदा २०१५ चा आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा ते कार्यालयाबाहेर फलकावर लिहिलेलं असतं. तेवढं पाळलं तरी सड्यावरच्यांच्या आवशीला कुणाच्या पायरीवर जावं लागलं नसतं. आधी ते करा. मध्यस्थाची गरज संपली की मध्यस्थ आपोआप जातो.

रत्नागिरीची_वकील

नातू, दाखल्यांपुरतं तुमचं बरोबर आहे. पण खाजणकाठांच्या प्रकरणात कंपनीला वेळेत दाखला नकोय. तिला निकाल आपल्या बाजूने हवाय. तिथे सेवा हमी उपयोगाची नाही.

उपजीविकेच्या हक्काचा आक्षेप येतो, अनुच्छेद १९(१)(छ). त्याचं उत्तर संविधानातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला निवृत्तीनंतर देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिली करता येत नाही, अनुच्छेद १२४(७). उच्च न्यायालयाच्या कायम न्यायाधीशाला आपल्या न्यायालयात करता येत नाही, अनुच्छेद २२०. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला पद सोडल्यावर केंद्राचं वा राज्याचं दुसरं पद घेता येत नाही, अनुच्छेद १४८(४). घटनाकारांनी हे अविश्वासाने लिहिलेलं नाही. समोर बसलेल्या पक्षकाराला शंका येऊ नये म्हणून लिहिलं. बार कौन्सिलच्या नियमांतही आहे: निवृत्त अधिकारी वकील झाला तर त्याच्या शेवटच्या पदाच्या बरोबरीचा किंवा खालचा अधिकारी जिथे बसतो तिथे त्याने उभं राहायचं नाही. तुमच्या दालनात जे घडलं, कारकून उठून उभे राहिले, तेच टाळायला हा नियम आहे. पण तो वकिलांना. तुमचे साहेब वकील म्हणून आलेच नाहीत, मुखत्यार म्हणून आले. दार एक बंद आणि शेजारचं उघडं.

शब्द शोधायचीही गरज नाही. रेरा कायद्यात, म्हणजे बांधकाम व्यवसायावरच्या २०१६ च्या कायद्यात, प्राधिकरणाच्या अध्यक्ष-सदस्यांसाठी ते तयार आहेत. पदावर असताना ज्या विशिष्ट प्रकरणात काम केलं किंवा सल्ला दिला, त्यात नंतर कुणाच्या वतीने काम करायचं नाही. पदामुळे मिळालेली आणि लोकांना उपलब्ध नसलेली माहिती वापरून कुणाला सल्ला द्यायचा नाही. ज्या संस्थेशी पदावर असताना थेट आणि महत्त्वाचा संबंध आला तिची नोकरी करायची नाही. हीच वाक्यं प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, भूमापक, खनिकर्म, वन यांच्यासाठी उतरवली, तर काकांचं सातबारा वाचून देणं कुठेही अडत नाही. आणि खाजणाच्या फाइलला साहेबांचा हात पुन्हा लागत नाही.

आता खाजणकाठ, तुमच्यासाठी. भाषण पुरे, काम सांगते. पुढच्या तारखेला लेखी हरकत द्या. त्यात आरोप करू नका. एवढंच लिहा, की समोरच्या पक्षाचे मुखत्यार हे याच प्रकरणात अमुक तारखेला पाहणी करणारे अधिकारी होते, पंचनामा व अभिप्राय त्यांच्या सहीचा आहे, आणि ही बाब रोजनाम्यात, म्हणजे त्या-त्या तारखेला काय घडलं त्याच्या नोंदीत, लिहावी. रोजनाम्यात आलं की ते अपिलात कायम राहतं. दुसरं, सुनावणी घेणारे त्यांच्या हाताखाली होते, म्हणून प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करा असा अर्ज वरिष्ठांकडे करता येतो. तिसरं, त्याआधी माहिती अधिकारात फाइलची पाहणी करून घ्या. कायद्यात कागद मागण्याबरोबर पाहणीचाही हक्क आहे. पानांना क्रमांक आहेत का ते बघा, अभिप्रायाचं पान जागेवर आहे का ते बघा आणि त्याची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. हे मी अनुभवावरून सांगतेय.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७अ कुणीतरी सुचवेलच. वैयक्तिक वजन वापरून अधिकाऱ्याकडून गैर काम करून घेण्यासाठी लाभ घेणं हा त्यात गुन्हा आहे, तीन ते सात वर्षं. पण ते सिद्ध करायला पुरावा लागतो आणि तुमच्याकडे तो नाही. रागाच्या भरात तो शब्द अर्जात घालू नका, मूळ मुद्दा बाजूला पडेल.

चिपळूणचा_करसल्लागार

ताई, रोजनाम्याचा मुद्दा लाखमोलाचा. मी कर अपिलांत हेच सांगतो, जे नोंदलं नाही ते घडलंच नाही.

भरतीरेषा

एक सुचवू? राज्याचा नियम व्हायला वर्षं जातील. पण भेटीची वही तालुक्याला आजही ठेवता येते. अभ्यागत नोंदवहीत नाव आणि काम लिहितात, त्यात दोन रकाने वाढवायचे: कुणाच्या वतीने, आणि पूर्वी या कार्यालयात काम केलं आहे का. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ कार्यालयांना स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगतंच. ग्रामसभांनी ठराव करून मागणी केली तर?

निवृत्त_सर्कल

दोन रकान्यांना काहीच लागत नाही, पट्टी आणि पेन. मी असतो तर दुसऱ्या दिवशी आखले असते. आणि पहिलं नाव माझं लिहिलं असतं, कारण म्हाताऱ्यांचे कागद घेऊन मी जातोच अधूनमधून. लपवण्यासारखं नसेल त्याला वहीचा त्रास नाही.

खाजणकाठ, एक विचारू? तुमच्या वडिलांनी पाहणीच्या वेळी जबाबावर सही केली तेव्हा तो त्यांना वाचून दाखवला होता का? असेल तर त्यात कच्च्या बांधाची जागा लिहिलेली असणार. नसेल, आणि साहेबांनी ती सुनावणीत सांगितली असेल, तर ती माहिती फाइलमधली नाही. ती साहेबांनी पाहणीत ऐकलेली. हा फरक ताईंना विचारा.

रत्नागिरीची_वकील

काका, हा फार मोठा फरक आहे. हरकतीत घालायलाच हवा. खाजणकाठ, जबाबाची प्रत आली की मला आधी वाचून सांगा.

खाजणकाठ

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय.

फाइलची पाहणी झाली. वडील बरोबर आले होते, सुट्टी काढून धाकटा भाऊ मुंबईहून आला. पानांना क्रमांक शिसपेन्सिलीने आहेत. अभिप्रायाचं पान जागेवर आहे, प्रमाणित प्रतीसाठी पैसे भरून पावती घेतली. काकांनी विचारलं तो जबाबही सापडला. दीड पान आहे. उघाडी आहे, पायवाट आहे, बांध भरायची पद्धत आहे. कच्च्या जागेबद्दल एक अक्षर नाही. वडिलांनी दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "ते मी बोलत बोलत दाखवलं, लिहून घ्यायला नव्हतं सांगितलं."

ताई, तुम्ही सांगितलंत तशी हरकत लिहिली आहे, पाऊण पान, कुणाला दूषण नाही. ४१ पैकी २३ जणांच्या सह्या झाल्यात, मुंबईच्या मंडळींच्या येत्या रविवारी परळला एका खोलीवर जमून घेतोय. वहीच्या दोन रकान्यांचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायला सरपंच तयार आहेत. शेजारच्या दोन ग्रामपंचायतींना मसुदा दिला.

सुनावणी गणपतीच्या आधीच्या मंगळवारी लागली आहे. वडील म्हणतात या खेपेला हरकत ते स्वतः वाचणार. त्यांना चष्म्याचा नंबर बदलून हवाय, उद्या त्यासाठी रत्नागिरीला जातोय.